तुम्ही कुणापैकी?

मराठी समीक्षेला कप्पे पाडण्याची आवड जुनी आहे. ग्रामीण, नागर, महानगरी, प्रादेशिक अशी नावे अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. 'बनगरवाडी' इकडे, भाऊ पाध्ये तिकडे, मध्ये एक उभी रेघ. आमची अडचण अशी की आम्ही राहतो ते त्या रेघेवर. गाव म्हणावे तर इथे महानगरपालिका आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नाट्यगृह आहे. महानगर म्हणावे तर बसस्थानकावर उतरल्यापासून घरी पोहोचेपर्यंत तीन माणसे "पुण्याहून आलात वाटतं?" असे विचारतात, आणि आपण खरोखरच पुण्याहून आलेले असतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखा एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जात राहतो. त्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. जात, शिक्षणव्यवस्था, देशीवाद, अस्तित्ववाद, सगळे झाले. पण परगावाहून आलेल्या तरुण मास्तराला ती शहरे कशी न्याहाळतात, त्याला जागा देताना काय विचारतात आणि काय न विचारता ओळखतात, हा भाग प्रश्नपत्रिकेत कधी पाच गुणांनाही आलेला आम्ही पाहिला नाही. शिकवताना मात्र मुले तिथेच मान वर करतात. कारण ती त्याच शहरांतून आलेली असतात.

आमचे शहर सांगली. पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळे होऊन १८०१ साली वसवलेले संस्थान, आणि १९९८ पासून सांगली, मिरज व कुपवाड अशी तीन ठिकाणांची मोट बांधून केलेली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत तिन्ही मिळून वस्ती सुमारे पाच लाख भरली. युरोपात एवढ्या वस्तीची राजधानीची शहरे आहेत. तेव्हा 'लहान शहर' हे डोकी मोजून ठरत नसावे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी इथे 'सीतास्वयंवर' केले, म्हणून तो दिवस रंगभूमी दिन झाला. 'संगीत शारदा' लिहिणारे देवल पलीकडच्या हरिपूरचे. हे सारे इथला रिक्षावालाही सांगतो आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे, पण रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध तसा बेताचाच. रोजच्या जगण्याशी संबंध आहे तो एका प्रश्नाचा.

तो प्रश्न म्हणजे, "तुम्ही कुणापैकी?"

आम्ही दोघेही शिकवतो, एक मराठी आणि एक इंग्रजी. एकाचा जन्म इथल्या गावभागातला, दुसरीचा मुंबईत परळचा. चोवीस वर्षांपूर्वी संसार इथे मांडला, त्या पहिल्याच आठवड्यात हरभट रोडवरच्या दुकानात परळच्या मुलीला हा प्रश्न आला. तिने आपले आडनाव सांगितले. दुकानदाराचे समाधान झाले नाही. मग सासरचे आडनाव सांगितले. "म्हणजे घाटाकडचे, का विश्रामबागेतले?" घाटाकडचे. "मास्तरांच्या घरात?" हो, मास्तरांच्याच. "मग असं म्हणा की!" त्यानंतर पैसे सुटे नसले तरी चालू लागले. मुंबईच्या चाळीत ओळख होती, पण ती चाळीपुरती. फाटकाबाहेर पडले की माणूस गर्दीत विरघळत असे. इथे फाटकच नव्हते. जातीचा, पोटजातीचा, वाड्याचा, पगाराचा अंदाज त्या एका शब्दयोगी अव्ययात दडलेला असतो, हे कळायला भाषेचा अभ्यास लागत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला तो आपुलकीचा वाटतो आणि पुष्कळदा असतोही. ज्याला उत्तर सांगताना आवाज खाली घ्यावा लागतो त्याला तो तसा वाटत नाही. आमच्या वर्गात अशी मुले दरवर्षी असतात. हजेरी घेताना केवळ पहिले नाव घेण्याची पद्धत आम्ही त्यांच्याकडे पाहून सुरू केली.

गेऑर्ग झिमेल याने १९०३ साली महानगर आणि मनोजीवन यांवर जो निबंध लिहिला तो आम्ही दोघेही आपापल्या वर्गांत वेगवेगळ्या निमित्ताने शिकवतो. महानगरातला माणूस मनाभोवती एक अंतर राखतो, शेजाऱ्याला वर्षानुवर्षे नजरेनेही ओळखत नाही, आणि त्या अंतरातच त्याचे स्वातंत्र्य असते, असे झिमेलचे म्हणणे. लहान गावात माणसावर सगळ्यांची नजर असते आणि तिथे महानगरी माणसाचा जीव गुदमरेल, हेही तो सांगतो. निबंध अचूक आहे. फक्त तो लिहिणारा बर्लिनमध्ये बसला होता. इकडून पाहिले तर वेगळेच काही दिसते: इथल्या माणसाला परकेपणाची सोय नाही. सोय हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. परके असणे ही महानगरात नळाच्या पाण्यासारखी घरपोच मिळणारी गोष्ट आहे, आणि साहित्याच्या व्यवहारात ती किती लागते हे ती नसली म्हणजेच कळते.

आता मुद्द्यावर यावे. लहान शहरात पुस्तकाबद्दल खरे कसे बोलावे?

वर्षातून दहाबारा वेळा तरी आम्हांला प्रकाशन समारंभाचे बोलावणे येते. निवृत्त पोस्टमास्तर, बँकेतल्या बाई, साखर कारखान्यातले लेखापाल असे कोणी तरी स्वखर्चाने संग्रह काढतात, साधारण तीनशे प्रतींचा. सभागृहात पन्नास खुर्च्या, शाल, श्रीफळ, पेढा. कवीची आई पहिल्या रांगेत. व्यासपीठावर आम्हां दोघांपैकी एक, आणि समोर ते सगळे ज्यांच्याशी उद्या भाजी घेताना, दवाखान्यात नंबर लावताना, मुलाच्या शाळेत गाठ पडणार आहे. कविता बहुतेकदा सुमार असतात. एखादी ओळ मात्र अशी येते की माणूस सावरून बसतो, आणि ती ओळ त्या कवीच्या हातून कशी निसटली आणि पुढच्या ओळीत त्याने तिची माती कशी केली, हे कोणी तरी त्याला सांगायला हवे असते. कोणीच सांगत नाही. सगळे म्हणतात, संवेदनशील मन. सगळे म्हणतात, मातीशी नाते. कवी घरी जातो, दोन वर्षांनी दुसरा संग्रह काढतो, त्यात ती चूक अधिक सफाईने झालेली असते.

ही आमच्या शहराची दयाळू क्रूरता आहे, असे आम्हांला वाटते. तिच्यापायी चार चांगले कवी तरी वाया गेलेले आम्ही पाहिले. पुण्यामुंबईचा परीक्षक निर्भीड असतो, कारण त्याला लेखकाच्या आईला तोंड द्यायचे नसते. त्याच्या निर्भीडपणाची किंमत थोडी कमीच धरावी. (पुण्याचे साहित्यवर्तुळ हेही एक गावच आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण त्या गावाला वेस आहे, आणि तिच्याबाहेर पडून डेक्कनवर कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटे बसता येते.) एकदा आमच्यातल्या एकाने स्थानिक दैनिकात एका संग्रहावर मोकळेपणाने लिहिले. अपमान वाटेल असे त्यात काही नव्हते, फक्त स्तुती बेतलेली होती. आठवड्याने कवी गणपती पेठेत भेटले. रागावले नव्हते. त्यांनी चहा पाजला, मुलांची चौकशी केली, आणि निघताना खाली पाहत विचारले, "तो तिसरा परिच्छेद तुम्ही मनापासून लिहिला होता का हो?" होकार दिला. ते म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं, कुणी लिहायला लावला." त्यांना टीका समजली होती; ती कुणाच्या सांगण्यावरून झालेली नाही, एवढे मात्र त्यांना समजावून घ्यावे लागले. सगळे सगळ्यांचे कोणीतरी असतात तिथे मत हे निव्वळ मत असू शकते, यावर विश्वास बसणेच कठीण.

मग इथल्या जाणत्या माणसांनी काय केले? म. द. हातकणंगलेकर यांनी विलिंग्डन महाविद्यालयात अध्यापन केले, सांगलीतच राहिले, आणि २००८ साली ८१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सांगलीत झाले तेव्हा त्याचे अध्यक्ष तेच होते. त्यांच्या समीक्षेइतकाच त्यांचा पत्रव्यवहार आम्हांला महत्त्वाचा वाटतो, विशेषतः जी. ए. कुलकर्णी यांच्याशी झालेला. एक सांगलीत, एक धारवाडला. दोन्ही शहरे एकमेकांसारखी, मधून पोस्टाची पिशवी जाते आहे. जी. एं.चा काळा चष्मा आणि भेटी टाळण्याची त्यांची रीत यांवर मराठीत दंतकथा झाल्या. त्याकडे लेखकाचा विक्षिप्तपणा म्हणून पाहिले जाते. आम्ही ते लहान शहरात राहणाऱ्या माणसाचे रोजचे काम म्हणून पाहतो. धारवाडात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाला परके राहायचे असेल तर ते दररोज कष्टाने राहावे लागते. आणि मोकळे बोलायचे तर तिकीट लावून परगावी बोलावे लागते. तारा भवाळकर यांनी लोकसंस्कृतीचा आणि लोकरंगभूमीचा अभ्यास सांगलीत राहूनच केला, आणि २०२५च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत त्या पोहोचल्या. ज्या ओव्यांना आणि जात्यावरच्या बायकांना कुणापैकी हे विचारण्याचीही गरज कुणाला वाटली नव्हती, त्या त्यांच्या अभ्यासाचा विषय झाल्या. ओळखीच्या गावात राहून नवे पाहण्याची ही एक वाट आहे.

आणखी एक वाट आम्हांला फार उशिरा, योगायोगाने दिसली. आमच्यातल्या एकाचे शिक्षक, आता ते नाहीत, शहरातल्या प्रत्येक प्रकाशनाला हजर असत आणि प्रत्येक पुस्तकाचे कौतुक करीत. तरुणपणी आम्ही त्याला हसत असू. पुढे त्यांनी नगर वाचनालयातून नेलेली पुस्तके आमच्या हाती एकामागून एक येऊ लागली, तशी समासातली बारीक पेन्सिल दिसू लागली. अक्षर ओळखीचे होते. त्या अक्षराने आमच्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. 'इथे थांबायला हवे होते.' 'ही ओळ तुझी, वरच्या सहा कुणाच्या?' 'वा!' एवढेच, एका पानावर, सबंध संग्रहात एकदाच. व्यासपीठावर ज्याच्या मातीशी नात्याची स्तुती केली त्याच कवीला समासात ते दुसरीतल्या मुलासारखे हात धरून शिकवीत होते. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत ही पाटी त्यांच्याच सहीने लागली होती, हे जाता जाता सांगितले पाहिजे. कवींनी ती पाने कधी पाहिली का? स्वतःचे पुस्तक वाचनालयातून कोण घेतो?

ही सगळी समीक्षा २०१९ साली वाहून गेली.

कृष्णेच्या पुराविषयी बाहेरच्यांना बातमीतून कळते, आम्हांला आयर्विन पुलावरच्या फुटांतून. १९२९ साली झालेला हा दगडी पूल, आणि त्यावरून मोजलेली पाण्याची पातळी. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पहिलीतल्या पोराला पाढ्यासारखे येते. पावसाळ्यात माणसे एकमेकांना "काय म्हणताय?" ऐवजी "किती झालं?" विचारतात, आणि कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि अलमट्टीत किती धरले यावर पानपट्टीवर होणारी चर्चा एखाद्या अभियंत्यालाही ऐकण्यासारखी असते. २००५च्या पुरात हरिपूरची पेवे गेली. जमिनीच्या पोटात हळद साठवण्याच्या त्या खड्ड्यांत ती वर्षानुवर्षे कोरडी राहत असे. पाणी शिरले आणि पिढ्यांची ती पद्धतच मोडीत निघाली. २०१९च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांवर गेली, २००५लाही मागे टाकून. २०२१च्या जुलैत पुन्हा ५५च्या आसपास.

२०१९मध्ये आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होते. वीज गेलेली, मोबाईल बंद. कोणत्या वाड्यात कोण म्हातारे अंथरुणाला खिळले आहे याची यादी कोणत्याही कार्यालयात नव्हती. ती दूधवाल्याच्या आणि सिलिंडर पोहोचवणाऱ्या मुलाच्या डोक्यात होती. होडीत बसून ते दोघे बोट दाखवीत होते. "तिथं मागच्या खोलीत आजी हाय. ऐकू येत न्हाई तिला, हाका मारून उपयोग न्हाई, वर जावा." ज्या नजरेने आम्ही वर्षानुवर्षे वैतागलो तीच नजर होडीच्या पुढे चालली होती. परळच्या मुलीने त्यानंतर 'कुणापैकी' या प्रश्नाला कपाळावर आठी घालणे सोडले. मात्र हेही नोंदवले पाहिजे की होडी आधी कुठल्या गल्लीत गेली आणि नंतर कुठल्या, हेही ओळखीनेच ठरत होते. सखल भागातल्या भाड्याच्या खोल्यांत नुकती आलेली माणसे कुणापैकीच नव्हती. ती छपरांवर जास्त वेळ बसली.

पाणी उतरल्यावर वाचनालयातून भिजलेल्या पुस्तकांच्या थप्प्या बाहेर निघाल्या. हजारो पुस्तके. फुगलेली, एकमेकांना चिकटलेली, गाळाने तपकिरी. मोठ्या लेखकांची पुन्हा विकत मिळतील, मिळालीही. तीनशे प्रतींच्या संग्रहांची कोण कुठून आणणार? त्यांच्या समासांची तर बातच नको. आम्ही त्या थप्प्यांत बराच वेळ शोधले. एक सापडले, पण पेन्सिल पाण्यात टिकली तरी कागद टिकला नव्हता.

त्यानंतरच्या वर्षांत आमच्यासमोर एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. दरवर्षी वर्गात एखाददुसरे असे मूल येते ज्याला लिहिता येते. त्याला इथे राहा म्हणावे की जा? आजवर आम्ही जा म्हणत आलो. पुण्याची गाडी ही आमच्या अभ्यासक्रमातली अघोषित शेवटची तासिका आहे. ती मुले जातात, मत निव्वळ मत असते अशा ठिकाणी चार वर्षे काढतात, आणि मग आम्हांला काही तरी पाठवतात. आमचे याबाबत एकमत नाही. एकाचे म्हणणे, लिहिणाऱ्याला परकेपणा शिकावाच लागतो आणि तो इथे शिकता येत नाही. दुसरीचे म्हणणे, परके होऊन परतलेली मुले इथल्या माणसांवर लिहितात तेव्हा ती माणसे नमुन्यासारखी दिसतात. तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आले म्हणजे नेमके काय होते हे त्यांच्या लेखणीतून गळू लागते. वाद बहुधा रात्री जेवताना होतो आणि भांडी घासताना संपतो.

मागल्या आठवड्यात अशाच एका मुलीने कथासंग्रहाचे हस्तलिखित मेलने पाठवले. सहा कथा, नाव न घेतलेल्या एका नदीकाठच्या शहरातल्या. "सर, मॅडम, अगदी खरं सांगा, परक्यासारखं वाचा," असे तिने लिहिले आहे. पडद्यावर वाचणे आम्हांला जमत नाही, म्हणून कॉलेज कॉर्नरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून आणायला दिले. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तर पाने व्यवस्थित स्पायरल करून ठेवलेली. पैसे घेताना तो म्हणाला, "ही धान्यबाजारातल्या अण्णांची धाकटी ना? छापता छापता वाचलं बघा मी. पहिल्या दोन एक नंबर. तिसरी तेवढी लांबलीय."

तिसरी लांबलीच आहे. शिवाय तिच्यात एक बाप आहे, हळदीचा अडत्या, आणि तो ज्या तऱ्हेने रंगवला आहे ते वाचून धान्यबाजारात कुणाचीही खात्री पटेल. कथा म्हणून तो बाप अर्धा उतरला आहे. बाप म्हणून फार दुखेल इतका पुरा. समासात आम्ही पेन्सिलीने बरेच लिहिले आहे, दोघांच्या दोन अक्षरांत, आणि दोन ठिकाणी एकमेकांचे खोडून. अण्णांचा काल फोन आला होता. मुलीने काही तरी लिहिले आहे असे ते ऐकून आहेत, ते कसे झाले आहे हे त्यांना तिच्याआधी आमच्याकडून हवे आहे. रविवारी सकाळी येतो म्हणाले, येताना भडंग आणतो म्हणाले.